के लाहुसेन व त्यांचा कॅमेरा

वर्तमानपत्रांत छायाचित्र येणें सामान्य माणसास भूषणाचें वाटतें. तें कात्रण घरोघर जपून ठेवलें जातें. परंतु १९६० च्या सुमारास अमेरिकेंत असाहि एक वर्ग होता, कीं ज्याला आपलें छायाचित्र छापलें जाण्याची धास्ती वाटे. हा वर्ग समलिंगी स्त्रीपुरुषांचा. तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें १९५२ सालीं केलेल्या रोगांच्या यादींत समलिंगी आकर्षणाची गणना मनोविकारांत होती. १९५३ च्या हुकुमानें अशा व्यक्तींना मध्यवर्ती सरकारच्या नोकरीचीं दारें बंद झालीं. चेहरा ओळखला जाणें म्हणजे पोटावर पाय पडणें. अशा लोकांना कॅमेऱ्यासमोर उभें करण्याचें काम के लाहुसेन यांनीं अंगावर घेतलें. उघडपणें समलिंगी असलेल्या पहिल्या अमेरिकन वृत्तछायाचित्रकार स्त्रीचा मान त्यांना दिला जातो.

त्यांचा जन्म १९३० सालीं सिनसिनाटी येथें झाला. १९६१ मध्यें एका वनभोजनाच्या वेळीं त्यांची व बार्बरा गिटिंग्ज यांची गांठ पडली, आणि तो सहवास गिटिंग्ज यांच्या २००७ मधील मृत्यूपर्यंत टिकला. १९६३ मध्यें गिटिंग्ज 'द लॅडर' या समलिंगी स्त्रियांच्या मासिकाच्या संपादिका झाल्या. त्याच्या मुखपृष्ठावर तोंवर रेखाचित्रें येत. रेखाचित्र कोणाचेंहि असूं शकतें. छायाचित्र मात्र कोणा तरी एकीचेंच असतें! चेहरा देण्यास स्त्रिया सहसा धजत नसत. सप्टेंबर १९६४ च्या अंकावर समुद्रकांठच्या दोघीजणी दिसतात, त्याहि पाठमोऱ्या. जानेवारी १९६६ च्या अंकावर मात्र लिली विन्सेंझ हंसतमुखानें थेट वाचकाकडे पाहतात. समलिंगी म्हणून लष्करांतून काढल्या गेलेल्या स्त्रीचें हें हास्य होतें. स्वतः लाहुसेनबाईहि 'के टोबिन' या टोपणनांवानें लिहीत, हेंहि सांगितलें पाहिजे.

१९६५ पासून व्हाइट हाउससमोर व फिलाडेल्फियाच्या स्वातंत्र्यभवनासमोर निदर्शनें झालीं. तेथें पुरुषांनीं कोट-टाय व स्त्रियांनीं झगा घालावा, असा दंडक असे. नोकरीचा हक्क मागावयाचा तर नोकरीस शोभेलसें दिसावें, हा त्यामागील हिशेब. पुढील पिढीला ही टापटीप खटकली. तथापि लाहुसेनबाईंच्या छायाचित्रांत तिचा उपयोग दिसतो: ज्यांना वैद्यक रोगी म्हणत होतें, तीं माणसें शेजारच्या बिऱ्हाडांतलीं वाटतात.

१९७२ सालीं डॅलस येथें मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिवेशनांत याच विषयावर परिसंवाद ठरला. वक्त्यांत मानसोपचारतज्ज्ञ होते, समलिंगीहि होते. परंतु दोन्ही असलेला एकहि नव्हता. हा दोष लाहुसेनबाईंनीं दाखवून दिला. गिटिंग्ज यांनीं शोध केला. बहुतेकांनीं नकार दिला. अखेर डॉ. जॉन फ्रायर तयार झाले, पण रबरी मुखवटा, केसांचा टोप, ढगळ पोशाख व ध्वनिक्षेपकांतून बदललेला आवाज, अशा वेषांत. चेहरे उघडे करण्यासाठीं आयुष्य वेंचणाऱ्या या छायाचित्रकर्तीनें तो मुखवटाच टिपला. अन्य कोणत्याहि छायाचित्रापेक्षां भीतीचें मोजमाप त्यांत अधिक स्पष्ट दिसतें. डिसेंबर १९७३ मध्यें त्या संघटनेनें समलिंगी आकर्षण विकारांच्या यादींतून वगळलें. तो मुखवट्यामागचा वक्ता आपणच, हें फ्रायर यांनीं जाहीरपणें सांगितलें तें मात्र १९९४ सालीं.

लाहुसेनबाई २६ मे २०२१ रोजीं, वयाच्या ९१ व्या वर्षीं वारल्या. त्यांचीं छायाचित्रें व दोघींचीं कागदपत्रें न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आहेत.