ग्रह म्हणावे कोणाला?

गुरू हा तारा होता होता राहिला, हे विधान लोकप्रिय विज्ञानाच्या पुस्तकांतून इतक्या वेळा आले आहे की, बहुतेकांना ते सिद्धान्तासारखे वाटू लागले आहे. वस्तुतः गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट असले, तरी एक लहानसा तारा घडवण्यासाठी असे ७५ ते ८० गुरू एकत्र आणावे लागतील. ऐंशीपैकी एक गुण मिळवणारा विद्यार्थी थोडक्यात नापास झाला, असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही.

तथापि या विधानाच्या आड एक खरा प्रश्न दडलेला आहे. गुरू आणि सर्वांत लहान तारा यांच्या दरम्यानची जागा रिकामी आहे काय? मूळचे भारतीय असलेले शास्त्रज्ञ शिव कुमार यांनी १९६३ मध्ये गणिताच्या आधारे तिचे उत्तर दिले. आकुंचन पावणाऱ्या वायुगोलाचे वस्तुमान एका मर्यादेहून कमी असेल, तर इलेक्ट्रॉनांच्या दाटीमुळे ते आकुंचनच थांबते. हायड्रोजनच्या संमीलनाला लागणारे तापमान त्याच्या गाभ्यात कधीच निर्माण होत नाही आणि तो गोल अब्जावधी वर्षे नुसता निवत राहतो. १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी अशा गोलांना 'तपकिरी बटू' हे नाव दिले. नाव रूढ झाले, पण वस्तू वीस वर्षे सापडेना. निर्विवाद अशी पहिली उदाहरणे १९९५ साली पुढे आली. त्यांतील एक ग्लीझ २२९ या तांबड्या ताऱ्याचा सोबती होता. त्याच्या वर्णपटात मिथेन आढळला, आणि मिथेन टिकून राहील इतका थंड तारा असूच शकत नाही. योगायोग असा की, फ्लॉरेन्सच्या ज्या परिषदेत ही घोषणा झाली, तिच्यातच सूर्यासारख्या अन्य ताऱ्याभोवती फिरणाऱ्या पहिल्या ग्रहाचीही घोषणा झाली.

दोन्ही कुळे अशी एकाच वेळी दारात आल्यावर त्यांच्यामधील सीमेचा तंटा अटळच होता. घटकद्रव्यांवरून निवाडा होत नाही, कारण गुरू-शनी काय किंवा बटू काय, सारे मुख्यतः हायड्रोजन व हेलियम यांचेच बनलेले. आकारावरूनही होत नाही. गुरूच्या पन्नासपट वस्तुमानाचा बटू व्यासाने जवळजवळ गुरूएवढाच भरतो. त्यात भर पडली की द्रव्य अधिक दाबले जाते, गोल फुगत नाही.

अखेर रेषा ओढली गेली ती वस्तुमानावर. गुरूच्या सुमारे १३ पट वस्तुमानाच्या पुढे गाभ्यात ड्यूटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, संमीलन काही काळ होऊ शकते. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या कार्यगटाने २००३ मध्ये हीच मर्यादा स्वीकारली. ताऱ्याभोवती फिरणारी वस्तू या मर्यादेच्या खाली असेल तर ग्रह, वर असेल तर तपकिरी बटू. मग तिचा जन्म कसाही झालेला असो. (प्लुटोला ग्रहपदावरून उतरवणारी २००६ ची व्याख्या येथे कामाची नाही, ती केवळ आपल्या सूर्यमालेपुरती आहे.)

जन्म कसाही झालेला असो, या शब्दांतच सारा पेच आहे. नवजात ताऱ्याभोवतीच्या चकतीत खडक व बर्फ यांचा गाभा तयार होतो आणि तो भोवतालचा वायू ओढून घेतो, ही महाग्रहांची सर्वमान्य जन्मकथा. बटू मात्र ताऱ्याप्रमाणेच वायुमेघ कोसळून जन्मतो. यांपैकी कोणतीही प्रक्रिया तेराचा आकडा पाहून थांबत नाही. चिलीतील दुर्बिणीने २००४ मध्ये गुरूच्या सुमारे पाचपट वस्तुमानाची एक वस्तू टिपली. पण ती ज्याभोवती फिरते, तो स्वतःच गुरूच्या जेमतेम पंचवीसपट असलेला बटू आहे. मालकाच्या पंचमांशाएवढा ग्रह त्याच्या चकतीतून कसा घडावा? २०१८ मध्ये संघटनेने ग्रहाचे वस्तुमान मध्यवर्ती वस्तूच्या सुमारे एक पंचविसांशाहून कमी असावे, अशी अट जोडली, पण जन्माकडे पाहण्याचे तेव्हाही टाळले. उलट २००८ मध्ये जाहीर झालेला कोरो-३ बी हा गुरूच्या सुमारे २२ पट असून चार दिवसांत आपल्या ताऱ्याला प्रदक्षिणा घालतो. तेराच्या नियमाने तो बटू; परंतु नासाची सूची ३० पटींपर्यंतच्या वस्तूंना ग्रहांत जागा देते, तर युरोपातील एक सूची ६० पर्यंत जाते. सूर्यमालेबाहेरील ग्रहांची जी संख्या वृत्तपत्रांत छापून येते, ती अशा रेषांवर अवलंबून असते.

जन्मदाखला हरवलेल्या माणसाचे कूळ त्याच्या वजनावरून ठरवावे, तसा हा प्रकार आहे. कसोटी जन्माचीच हवी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; मात्र दाखला हाती नसताना वजन करणाऱ्यांना दोष देता येत नाही. आता तो दाखला अंशतः वाचता येऊ लागला आहे. एचआर ८७९९ या ताऱ्याच्या ग्रहांच्या वातावरणात वेब दुर्बिणीला कार्बन डायऑक्साइड आढळल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. जड मूलद्रव्यांचा हा भरणा घन गाभ्यातून झालेल्या जन्माकडे बोट दाखवतो.

आणि वजनाचा काटा तरी कितपत विश्वासाचा? ग्लीझ २२९ चा तो सोबती गुरूच्या सुमारे ७१ पट भरत होता, पण त्या मानाने फारच मंद होता. २०२४ मध्ये त्याचा उलगडा झाला. तो एक बटू नव्हेच; गुरूच्या ३८ आणि ३४ पटींचे ते दोन बटू असून, बारा दिवसांत ते एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात.