टाक्याचा धागा : आतड्यापासून सीलबंद पाकिटापर्यंत

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की टेंभुर्णीच्या आसपासच्या वस्त्यांत कोयता लागलेले हात-पाय आम्हाला नेहमीच दिसतात. शिवाय हायवेवरचे अपघात, सिझर, कुटुंबनियोजनाची ऑपरेशने आहेतच. ज्या घरात कुणालाच टाके पडले नाहीत, असे घर क्वचितच सापडेल. महिलांच्या आरोग्य बैठकीत मग तेच प्रश्न येतात. धागा आत विरघळतो म्हणजे काय होते? एवढ्याशा पाकिटाला एवढे पैसे का? ते बाहेरून का आणायला लावतात? हे समजून घ्यायचे तर टाक्याचा धागा बनवणाऱ्या कंपनीचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

शिवणे जुने, निर्जंतुक करणे नवे

विनयपिटकाच्या महावग्गात तथागतांचे वैद्य जीवक यांची हकीकत आहे. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाच्या आतड्याला पीळ पडला होता. जीवकांनी पोट उघडून पीळ सोडवला, आतडे पुन्हा आत ठेवले, कातडी शिवली आणि मलम लावले. म्हणजे शरीराला टाके घालणे आपल्याकडे फार जुने आहे.

पण एकोणिसाव्या शतकापर्यंत जगभर ऑपरेशननंतर जखमेत पू होऊन पुष्कळ रुग्ण दगावत. हे जंतूंमुळे होते हे ओळखून जोसेफ लिस्टर या इंग्रज सर्जनने १८६७ साली कार्बोलिक ॲसिडने जखम साफ ठेवण्याची पद्धत जाहीर केली. पुढे त्यांनी धागाही कार्बोलिकमध्ये भिजवून वापरला. तो धागा म्हणजे कॅटगट. नावात ‘कॅट’ असले तरी मांजराशी त्याचा संबंध नाही. तो मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून बनतो आणि शरीरात हळूहळू पचून जातो.

अडचण एकच होती. आतड्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, आणि कॅटगट पाण्यात उकळला तर त्याचे सरस होते. रेशीम किंवा सुती धागा दवाखान्यात उकळून घेता येई, हा येत नसे. म्हणून हे काम कारखान्याकडे गेले.

कंपनी कशी उभी राहिली

१८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे लिस्टर यांचे भाषण झाले. ते ऐकणाऱ्यांत रॉबर्ट वूड जॉन्सन होते, असे कंपनीचा इतिहास सांगतो. १८८६ मध्ये त्यांनी भावांसोबत जॉन्सन अँड जॉन्सन सुरू केली आणि १८८७ पासून निर्जंतुक टाक्यांचे धागे मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले.

तिकडे स्कॉटलंडमध्ये एडिंबरो शहरात जॉर्ज मर्सन यांनी १९१५ मध्ये कॅटगटचा कारखाना काढला. त्यांनी बिननेढ्याची सुई आणली. पूर्वी नर्सला सुईच्या नेढ्यातून धागा ओवावा लागे. दुहेरी धागा मांसातून ओढला जाई आणि छिद्र मोठे पडे. आता धागा सुईच्या बुडातच पक्का बसवलेला असतो. १९४७ मध्ये जॉन्सनने ही कंपनी विकत घेतली आणि तिचे नाव एथिकॉन झाले.

भारतात जॉन्सनची कंपनी १९५७ मध्ये नोंदली गेली आणि मुलुंडला कारखाना झाला. एथिकॉनच्या पाकिटांवर औरंगाबादजवळच्या वाळूज एमआयडीसीचा पत्ता आम्ही नोकरीत असताना वाचला आहे. १९७४ मध्ये तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘आयसोमेड’ प्रकल्प सुरू झाला. तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय सामान बंद पाकिटातच निर्जंतुक होऊ लागले. त्याच सुमारास विक्रिलसारखे रसायनापासून बनवलेले, विरघळणारे धागेही आले.

मात्र नाव मोठे म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नये. याच समूहाच्या एका कंपनीला सदोष कृत्रिम खुबे २०१० मध्ये जगभरातून परत घ्यावे लागले. आपण नाव पाहायचे आणि पाकीटही तपासायचे.

आतडे कुणाच्या हातात?

आपल्या समाजाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेलेले जनावर ओढणे, सोलणे हे काम आपल्या पूर्वजांवर लादले गेले आणि त्याच कामासाठी त्यांना अस्पृश्य ठरवले. तेच आतडे धुऊन काचेच्या नळीत भरले की सवर्णांच्या पोटात टाक्याच्या रूपाने चालले. बाबासाहेबांनी ते लादलेले काम सोडायला सांगितले आणि शिकायला सांगितले. आज आपल्या मुली नर्स होऊन तोच धागा हातात धरतात. विटाळ आतड्यात नव्हता, व्यवस्थेत होता. घाण फक्त जंतूंची असते आणि ती विज्ञानाने जाते.

पाकीट पाहायला शिका

• पाकीट पूर्ण बंद हवे. फाटलेले, ओले झालेले किंवा आधी उघडलेले चालत नाही. उरलेला धागा दुसऱ्या रुग्णाला वापरायचा नसतो.

• इंग्रजी येत नसेल तर खुणा पाहा. वाळूच्या घड्याळाच्या चित्राशेजारी मुदत संपण्याचे वर्ष-महिना असतो. गोलातल्या २ आकड्यावर काट म्हणजे पुन्हा वापरू नका.

• टाके विरघळणारे आहेत की काढायचे, हे विचारून कार्डावर लिहून घ्या. नायलॉन, रेशीम, प्रोलीन हे कातडीवरचे टाके काढावे लागतात : चेहऱ्याचे साधारण ५ दिवसांत, पोटाचे ७ ते १० दिवसांत, हातापायाचे १० ते १४ दिवसांत. तारीख डॉक्टरच ठरवतील. मजुरी बुडते म्हणून ती टाळू नका आणि घरी ब्लेडने टाके कापू नका.

• जखमेवर तंबाखू, राख, शेण लावू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते डॉक्टरांना सांगा.

• ताप, वाढती सूज, लाली, पू, घाण वास किंवा टाका उसवणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

धागा तुमच्या हक्काचा आहे

१ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू आहे. त्यानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि सिझर मोफत आहे आणि त्यासाठी लागणारी औषधे व साहित्यही मोफत आहे. टाक्याचा धागा त्यातच येतो. बाहेरून आणा असे सांगितले तर चिठ्ठीवर लिहून मागा, विकत घ्यावाच लागला तर पक्के बिल घ्या आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. १०४ क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. बाळंतिणीला सोडून भांडत बसू नका. आधी ऑपरेशन होऊ द्या, मग दोघी-तिघींनी मिळून अर्ज द्या. एकटीचा अर्ज बाजूला पडतो, वस्तीचा अर्ज वाचावा लागतो.

जय भीम!