काउंटी उद्यान व्यवस्था : न्यू जर्सीतील एसेक्स काउंटीचा अनुभव

प्रस्तावना :
सार्वजनिक उद्यान म्हटले की नगरपालिकेची बाग डोळ्यांसमोर येते. परंतु डोंगर, ओढे आणि पाणथळ जमिनी नगरपालिकेची हद्द पाहून पसरत नाहीत. त्यांचे जतन कोणत्या प्रशासकीय स्तरावर व्हावे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेत या प्रश्नाचे एक उत्तर न्यू जर्सी राज्यातील एसेक्स काउंटीने दिले. प्रस्तुत लेखात त्या व्यवस्थेची जडणघडण व तिच्या मर्यादा यांचा थोडक्यात विचार केला आहे.

काउंटी म्हणजे राज्याखालील प्रशासकीय घटक. ढोबळमानाने तिची तुलना आपल्या जिल्ह्याशी करता येईल. एसेक्समध्ये 22 नगरपालिका असून नेवार्क हे तिचे मुख्य ठिकाण आहे.

व्यवस्थेचा उगम :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेवार्क हे गजबजलेले औद्योगिक शहर बनले होते. 1894 मध्ये उद्यानांच्या शक्यतेचा अभ्यास करण्यासाठी एक तात्पुरता आयोग नेमण्यात आला आणि 1895 मध्ये स्थायी स्वरूपाचा एसेक्स काउंटी उद्यान आयोग अस्तित्वात आला. ही अमेरिकेतील पहिली काउंटी उद्यान व्यवस्था मानली जाते. नेवार्कमधील ब्रँच ब्रूक उद्यान हे तिचे पहिले अपत्य होय. ज्या जागेवर ते उभे राहिले तिचा काही भाग दलदलीचा होता. पुढे ऑल्मस्टेड बंधूंच्या संस्थेने त्याला नैसर्गिक भूदृश्याचे रूप दिले. सुमारे 360 एकरांचे हे उद्यान नेवार्कची हद्द ओलांडून बेलव्हिलपर्यंत जाते. 1927 मध्ये कॅरोलाइन बॅमबर्गर फुल्ड यांनी त्यास चेरीची सुमारे 2,000 झाडे भेट दिली. आज तेथे 5,000 हून अधिक चेरीवृक्ष आहेत.

दोन प्रकारच्या जागा :
या व्यवस्थेत शहरी उद्यानांबरोबरच ‘रिझर्व्हेशन’ म्हणजे राखीव वनभूमीचाही समावेश आहे. साउथ माउंटन रिझर्व्हेशन 2,000 एकरांहून मोठे असून ते मेपलवुड, मिलबर्न व वेस्ट ऑरेंज या तीन नगरपालिकांत पसरले आहे. उद्यानात तळी, हिरवळ व क्रीडांगणे असतात, तर वनभूमीत पायवाटा, ओढे व धबधबे मूळ स्वरूपात राखले जातात. दैनंदिन विरंगुळा व निसर्गसान्निध्य या दोन भिन्न गरजा अशा रीतीने एकाच व्यवस्थेतून भागविल्या जातात.

काउंटी स्तराचे महत्त्व :
एवढी वनभूमी राखण्याचा भार एकट्या लहान नगरपालिकेला पेलणे कठीण असते. काउंटीचा कर सर्व नगरपालिकांतून येत असल्यामुळे तो भार विभागला जातो. याहून महत्त्वाची बाब सामाजिक न्यायाची आहे. नेवार्क व त्याची सधन उपनगरे यांच्या उत्पन्नात मोठी तफावत आहे. तरीही उपनगरातील वनभूमी काउंटीच्या मालकीची असल्याने नेवार्कच्या रहिवाशाचा तिच्यावर तितकाच हक्क राहतो. ती केवळ उपनगराची मालमत्ता असती, तर हा हक्क स्थानिक मर्जीवर अवलंबून राहिला असता.

ऱ्हास व पुनरुज्जीवन :
ही व्यवस्था संकटमुक्त नव्हती. 1970 च्या दशकाच्या अखेरीस काउंटी शासनाची पुनर्रचना झाली, स्वतंत्र आयोग संपुष्टात आला आणि उद्याने काउंटीच्या एका विभागाकडे गेली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत देखभालीअभावी अनेक उद्यानांची दुरवस्था झाली. मात्र जमीन सार्वजनिक मालकीचीच राहिल्याने पुनरुज्जीवनाचा मार्ग खुला होता. 1998 मध्ये मतदारांनी मोकळ्या जागांसाठीच्या विश्वस्त निधीला संमती दिली. मालमत्ता करातून त्यात भर पडते. 1999 मध्ये ब्रँच ब्रूक उद्यानासाठी नागरिकांची स्वतंत्र संस्थाही स्थापन झाली. याशिवाय 1961 मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या ‘ग्रीन एकर्स’ योजनेचे साहाय्य घेतलेल्या उद्यानांची जमीन राज्याच्या मंजुरीविना अन्य कामासाठी वळविता येत नाही.

निष्कर्ष :
एसेक्सच्या अनुभवातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, निसर्गाच्या व्याप्तीशी जुळेल असा प्रशासकीय घटक निवडणे आवश्यक आहे. दुसरी, उद्यान उभारण्याइतकीच त्याच्या देखभालीसाठी निश्चित निधीची तरतूद आवश्यक आहे. तिसरी बाब सर्वांत मूलभूत आहे. ओस पडलेली बाग पुन्हा फुलविता येते. परंतु हातची गेलेली मोकळी जमीन परत मिळणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच सार्वजनिक मालकी व तिला लाभलेले कायद्याचे संरक्षण हाच या व्यवस्थेचा खरा पाया होय.