ना बाहुली निघाली, ना सिनेमा आला. तरी कॅल्विन आणि हॉब्ज लोकांना का सोडवत नाहीत?

विस्कटलेल्या पिवळ्या केसांचा, पट्ट्यापट्ट्यांचा लाल टी-शर्ट घातलेला सहा वर्षांचा पोरगा. शेजारी त्याच्याहून उंच वाघ. दोघं झाडाखाली लोळतायत किंवा लाल हातगाडीत बसून उतारावरून सुसाट सुटलेत. खाली कुणीतरी सोमवारच्या ऑफिसवर रडगाणं लिहिलंय. हे चित्र तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेलंच असणार.

पोरगा म्हणजे कॅल्विन आणि वाघ म्हणजे हॉब्ज. ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ ही कॉमिक स्ट्रिप अमेरिकेतल्या पेपरांमध्ये १८ नोव्हेंबर १९८५ ला सुरू झाली आणि ३१ डिसेंबर १९९५ ला बंद झाली. आज ती शेअर करणाऱ्या कित्येकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. भरात असताना ती सुमारे २४०० पेपरांत छापली जायची. तिच्यावर ना कार्टून मालिका निघाली, ना सिनेमा, ना दुकानात तिची खेळणी आली. एकूण ३१६० स्ट्रिप्स झाल्या आणि चित्रकाराने पेन खाली ठेवलं.

या चित्रकाराचं नाव बिल वॉटरसन. ओहायो राज्यातल्या शॅग्रिन फॉल्स नावाच्या छोट्या गावात वाढलेला. कॉलेजात राज्यशास्त्र शिकला, सिनसिनाटीच्या एका पेपरात राजकीय व्यंगचित्रकार म्हणून लागला आणि काही महिन्यांतच ती नोकरी गेली. पुढची काही वर्षं तो स्ट्रिप्स काढून पाठवत राहिला आणि नकार गोळा करत राहिला. राज्यशास्त्राचा उपयोग झाला तो नावांपुरता. कॅल्विन हे सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकाचं नाव, तर हॉब्ज हे माणसाच्या स्वभावाबद्दल फारसं चांगलं मत नसलेल्या सतराव्या शतकातल्या तत्त्ववेत्त्याचं.

स्ट्रिपमध्ये घडतं काय? तसं फार काही नाही. शाळा, गृहपाठ, आंघोळीची टाळाटाळ, शेजारची सूझी, दांडगाई करणारा मो, सांभाळायला येणारी रोझलिन. पुठ्ठ्याचं खोकं उलटं केलं की माणसाचा प्राणी करणारं यंत्र, सरळ ठेवलं की टाइम मशीन. कॅल्विनचे बाबा पेटंट वकील आहेत (वॉटरसनचे वडीलही तेच होते) आणि पोराने काही विचारलं की गंभीर चेहऱ्याने वाट्टेल ते ठोकून देतात. जुने फोटो ब्लॅक अँड व्हाइट का असतात? तर म्हणे फोटो रंगीतच आहेत, तेव्हा जगच ब्लॅक अँड व्हाइट होतं! ज्यांचे बाबा असे आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

पण ही स्ट्रिप उभी आहे ती एका साध्या युक्तीवर. चौकटीत कॅल्विन आणि हॉब्ज दोघंच असतील तर हॉब्ज खराखुरा वाघ असतो. तो बोलतो, टोमणे मारतो, दार उघडलं की कॅल्विनवर झडप घालतो. आई, बाबा किंवा सूझी चौकटीत आली की तोच हॉब्ज कापूस भरलेलं खेळणं होतो. बटणाएवढे डोळे, लुळे हात.

यावर सोपं उत्तर असं की वाघ म्हणजे पोराची कल्पना. मग ही गोष्ट बघा. कॅल्विनला जादूगारासारखं बांधलेल्या दोरातून सुटून दाखवायचं असतं. हॉब्ज त्याला खुर्चीला बांधतो. कॅल्विनला काही सुटता येत नाही. शेवटी बाबा येतात, गाठी सोडतात आणि चक्रावतात, की या पोराने स्वतःला असं बांधून घेतलं कसं? वाघ कल्पनेतला असेल तर गाठी कुणी मारल्या? वॉटरसनने याचं उत्तर कधीच दिलं नाही. हॉब्ज म्हणजे जिवंत होणारी बाहुली नाही आणि कॅल्विनच्या डोक्यातला भासही नाही, अशी त्याची भूमिका होती. कॅल्विनला जग एक दिसतं, मोठ्यांना दुसरं, आणि आपण दोन्ही बघतो.

आता खेळण्यांच्या मुद्द्याकडे येऊ, कारण सगळं तिथेच अडकलंय.

‘सकाळ’मधला चिंटू रोज वाचलेल्यांना पेपरातली तीन-चार चौकटींची स्ट्रिप नवी नाही. पण अमेरिकेत हा धंदा सिंडिकेटमार्फत चालायचा. सिंडिकेट म्हणजे चित्रकाराची एकच स्ट्रिप शेकडो पेपरांना विकणारी कंपनी. नव्या चित्रकाराला करार करताना हक्कांवर सहसा पाणी सोडावं लागायचं. खरी कमाई कप, टी-शर्ट आणि बाहुल्यांमध्ये होती. ‘पीनट्स’मधला स्नूपी कुत्रा जिकडेतिकडे होता, गारफिल्ड मांजर गाड्यांच्या काचांना चिकटलेलं दिसायचं. एका सिंडिकेटने तर वॉटरसनला सुरुवातीलाच सुचवलं होतं, की आमचं रोबोटमॅन नावाचं विकाऊ पात्र तुझ्या स्ट्रिपमध्ये घाल. अजून एकही स्ट्रिप छापून न आलेल्या पोराने त्याला नाही म्हटलं.

मग युनिव्हर्सल प्रेस सिंडिकेटने स्ट्रिप घेतली. ती गाजली आणि कंपनीला साहजिकच हॉब्जच्या बाहुल्या दिसायला लागल्या. करारानुसार वॉटरसनला न विचारताही त्या काढता आल्या असत्या. भांडण काही वर्षं चाललं. काम सोडून देण्यापर्यंत गोष्ट गेली. अखेर १९९१ मध्ये करार बदलला आणि हक्क त्याच्याकडे आले. दोन कॅलेंडरं आणि अशाच एकदोन किरकोळ गोष्टी सोडल्या, तर अधिकृत माल असा निघालाच नाही. किती पैसा नाकारला याचा हिशेब तुम्हीच लावा.

हट्टीपणा? थोडा होताच. पण त्याचं एक कारण मला पूर्ण पटतं. हॉब्जची बाहुली दुकानात आली असती, तर हॉब्ज खरा की खेळणं, या प्रश्नाचा निकाल बाहुलीच्या कारखान्याने लावून टाकला असता. कार्टून मालिकेत त्याला कुणाचा तरी आवाज मिळाला असता. आज प्रत्येक वाचकाच्या डोक्यात हॉब्जचा आवाज वेगळा आहे. तीस वर्षांपूर्वीच्या चौकटी शिळ्या होत नाहीत यामागे हेही आहे, कारण त्यांना चिकटलेली जुनी जाहिरात किंवा जुनं गाणं आपल्याला आठवतच नाही.

एक गंमत म्हणजे अधिकृत काहीच नसल्याने नकली मालाचं फावलं. अमेरिकेत गाड्यांच्या मागे लघवी करणाऱ्या कॅल्विनचं स्टिकर दिसतं, ते वॉटरसनने काढलेलंच नाही. मूळ स्ट्रिपमध्ये कॅल्विन असं कधी करत नाही. फुग्यातले संवाद बदलून फिरणाऱ्या मीम्सचीही तीच गत.

वॉटरसन पेपरांशीही भांडला. रविवारच्या रंगीत स्ट्रिपची रचना ठरलेली असायची, म्हणजे जागा कमी पडली की संपादकाला वरची ओळ कापता किंवा चौकटी इकडेतिकडे हलवता याव्यात. त्यामुळे चित्रकार वरच्या ओळीत महत्त्वाचं काही काढतच नसे. नऊ महिन्यांची सुट्टी घेऊन १९९२ मध्ये परतल्यावर त्याने अट घातली, की रविवारी अर्धं पान, आणि कापाकापी करायची नाही. संपादक चिडले, पण बहुतेकांनी मानलं. त्यानंतरचे रविवार उघडून बघा. डायनासोर पानभर पळतात, चौकटी मोडतात, कधी पान जवळपास रिकामं असतं.

सगळंच उत्तम आहे असं मात्र नाही. शेवटच्या वर्षांत कॅल्विन कधीकधी सहा वर्षांचा न वाटता चिडलेला स्तंभलेखक वाटतो. कलेवर आणि टीव्हीवरची ती भाषणं मी तरी पटापट उलटतो. याउलट १९८७ मधली रकूनच्या पिल्लाची मालिका वाचताना हात थांबतो. कॅल्विनला जखमी पिल्लू सापडतं, आई त्याला खोक्यात ठेवते, दुसऱ्या दिवशी ते मरतं. पेपरातल्या विनोदाच्या कोपऱ्यात, अनेक दिवस, एक पोरगा मरण म्हणजे काय ते समजून घेतोय आणि त्याला कुणाकडेच धड उत्तर मिळत नाही.

वाचायला सुरुवात करायची असेल तर तीन खंडांचा संपूर्ण संच महागात जातो. त्यापेक्षा १९९५ चं ‘टेन्थ ॲनिव्हर्सरी बुक’ शोधा. त्यात निवडक स्ट्रिप्सबरोबर वॉटरसनच्या स्वतःच्या टिपा आहेत, सिंडिकेटच्या भांडणासकट. आणि कॅल्विनने बनवलेले भयानक स्नोमॅन दिसले की घाई करू नका, बाबांच्या चेहऱ्याकडेही बघा.