ऐन रंगात बंद पडणारा संगणक

खेळ ऐन रंगात आलेला असतो, शत्रूचा शेवटचा बुरूज हाताशी आलेला असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी पडदा काळा होतो. पंखे थबकतात, पुन्हा घुरघुरू लागतात, आणि थोड्याच वेळात संगणक काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने आपल्या उत्पादकाचे नाव झळकवीत उभा राहतो. ना तक्रार, ना इशारा, ना कारण. ज्या घरात तरुण मुले आहेत आणि खेळांसाठी मुद्दाम बांधून घेतलेला संगणक आहे, त्या घराला हा प्रसंग अपरिचित नसेल. अशा वेळी निदान कसे करावे, हे आज मला सांगावयाचे आहे. आणि ते आमच्याच घरी घडलेल्या एका हकिगतीच्या आधाराने सांगितले तर अधिक सोपे जाईल.

इंदूरला माझ्या पुतण्याचा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. लग्नसमारंभांच्या व्हिडिओंचे संपादन करून त्याने दोन वर्षे पैसे साठविले आणि देवासच्या एका बालमित्राकडून वापरलेले ग्राफिक्स कार्ड बत्तीस हजार रुपयांना घेतले. चार दिवसांत संगणक खेळाच्या मध्येच पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. एका दुकानदाराने पाच मिनिटे पाहून "कार्ड गेलेले आहे" असा निकाल दिला. मित्राला फोन गेला. तो म्हणाला, "माझ्याकडे तर वर्षभर नीट चालत होते." विकणारा दुसरे काय म्हणणार, असे आमच्या चिरंजिवांना वाटले, शब्दाने शब्द वाढला आणि पहिलीपासूनचा स्नेह एका संध्याकाळी तुटला. मी उमेदीची सारी वर्षे विजेच्या खात्यात काढलेली असल्यामुळे हे प्रकरण अखेर माझ्यापुढे आले. मित्राचे ते एक वाक्य श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याच्याशी आपले काम आहे.

अशा बिघाडात पहिला प्रश्न एकच असतो : संगणक स्वतः थांबला, की त्याला थांबविले गेले? या दोहोंत मोठे अंतर आहे. संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांकडे असणारी विंडोज, काही असह्य चूक आढळल्यास स्वतः काम थांबविते, चुकीचा क्रमांक नोंदवून ठेविते आणि तो प्रसिद्ध निळा पडदा दाखविते. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झाला आहे. पण मूळच्या मांडणीत 'चूक झाल्यास आपोआप पुन्हा सुरू व्हावे' अशी सोय चालू ठेवलेली असते, त्यामुळे तो पडदा वाचण्यापूर्वीच नाहीसा होतो. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' या शब्दांपुढची खूण काढून टाकावी. याला दमडीही लागत नाही, आणि पुढची अर्धी वाट याने उजळते.

दुसऱ्या प्रकारात विजेचा आधारच निघून जातो. पहिल्या प्रकारी घरधनी कुलूप लावून, दाराला चिठ्ठी अडकवून जातो. दुसऱ्या प्रकारी पायांखालची जमीन गेल्याचे त्याला कळतसुद्धा नाही. मग चिठ्ठी कोण लिहिणार? विंडोज पुन्हा उठल्यावर तिला एवढेच उमगते की मागच्या वेळी आपण रीतसर निजलो नव्हतो. आणि ती 'इव्हेंट व्ह्यूअर' या आपल्या रोजनाम्यात 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद करते. पुष्कळ लोक या ४१ ला रोगाचे नाव समजतात आणि त्यावर औषध शोधत हिंडतात. ती नोंद पंचनाम्याची आहे, आणि तीही घटनेनंतर केलेली. मात्र तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' म्हणून एक आकडा असतो, तो अवश्य पाहावा. तो शून्य नसेल, तर विंडोजला चूक दिसली होती. ड्रायव्हर, रॅम, डिस्क यांच्याकडे वळावे. तो शून्य असेल, तर तिला काहीच दिसले नव्हते, आणि संशय बहुधा विजेकडे जातो. आमच्याकडे आठ वेळा नोंद झाली होती आणि आठही वेळा शून्य होते. खूण काढल्यावरही निळे-काळे काहीच दिसले नाही.

येथेच दुकानदाराच्या निकालाविषयी मला पहिली शंका आली. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अडखळला, तर विंडोज सुमारे दोन सेकंद वाट पाहून तो पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करते. पडदा क्षणभर काळा होतो, खेळ बंद पडतो, पण संगणक सहसा उभा राहतो. बिघडलेले कार्ड पडद्यावर रंगीबेरंगी ठिगळेही दाखविते. आमच्याकडे यातले काही नव्हते.

उष्णतेचा विचार अर्थातच केला; एप्रिलचा महिना होता आणि बाहेर पारा बेचाळीसवर गेला होता. तापमान दाखविणारा प्रोग्राम चालू ठेवून खेळ लावला, तेव्हा बंद पडण्याच्या वेळी कार्ड ७६ आणि प्रोसेसर ८१ अंशांवर होता. दोन्ही आकडे सुरक्षित होत. एक गोष्ट लोक विसरतात : आजचे प्रोसेसर व कार्डे तापली की प्रथम आपली चाल मंद करतात. इंटेलचे पुष्कळ प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आणि एएमडीचे ९५ च्या आसपास स्वतःला आवरतात. यानेही भागले नाही तरच यंत्र बंद होते, आणि मग ते बहुधा बंदच राहते. खेळ आधी रखडू लागला आणि मग यंत्र विझले, तर उष्णता. सुरळीत चालता चालता तडकाफडकी पुन्हा सुरू झाले, तर इतरत्र पाहावे. तरीही आम्ही कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढली. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, वाऱ्याने त्याला गरगर फिरू देऊ नये.

रॅम तिच्या जाहिरातीतल्या वेगाने चालविण्याची 'एक्सएमपी' नावाची सोय बायोसमध्ये असते. ती बंद करून मूळ वेगावर आणली. फरक पडला नाही. प्रोसेसरच्या बाबतीत एक अलीकडची नोंद सांगून पुढे जातो. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांपैकी काही जास्त व्होल्टेज मागत व त्यामुळे झिजत, असे २०२४ मध्ये निष्पन्न झाले. कंपनीने त्याच वर्षी दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी बायोस अद्ययावत केलेला आहे की नाही हे पाहावे. आमच्याकडे तो नव्हता.

मग भिंतीपाशी आलो. संगणक ज्या यूपीएसवर होता तो ६०० व्हीएचा. या व्हीएच्या आकड्याने पुष्कळांची फसगत होते. असल्या लहान यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॅट असते, आणि खेळाच्या वेळी आमचे यंत्र त्याहून पुष्कळ अधिक खात होते. त्याला दूर करून तीन पिनांच्या, अर्थिंग नीट असलेल्या सॉकेटमध्ये थेट जोडणी केली. (जुन्या वाड्यांतून कॅबिनेटला हात लागताच मुंग्या येतात, तेथे संगणकाआधी घराच्या अर्थिंगची चिंता करावी.) त्या यूपीएसवर हे यंत्र ठेवणेच चुकीचे होते, पण आमचा आजार त्याने बरा झाला नाही.

आता उरली ती कॅबिनेटच्या कोपऱ्यात बसलेली पोलादी पेटी, जिला बाजारात एसएमपीएस म्हणतात. घरातल्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करून ती सर्वांना वाटते. संगणक घेताना प्रोसेसरची, कार्डाची चौकशी सर्वजण करतात. या पेटीची कोणी करीत नाही. दुकानदारही काटकसर करावयाची झाल्यास बहुधा येथेच करतो.

ही पेटी मदरबोर्डाला एका तारेवरून सतत सांगत असते की "माझे व्होल्टेज ठीक आहे". ही पद्धत १९८१ च्या आयबीएमच्या पहिल्या पीसीपासून चालत आली आहे. हा संदेश तुटला की मदरबोर्ड त्याच क्षणी प्रोसेसरला थांबवितो; संदेश परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. १२ व्होल्ट साधारण पाच टक्क्यांहून खाली घसरले, म्हणजे ११.४ च्या खाली गेले, की हा धोका उभा राहतो. घसरण मिलिसेकंदांची असली तरी पुरते. याउलट पेटीने अतिभार ओळखून स्वतःचे रक्षण केले, तर ती पूर्ण बंद होते आणि मागचे बटण बंद करून पुन्हा लावीपर्यंत बहुधा उठत नाही. आपोआप सुरू होणे आणि बंदच राहणे, हा फरक असा बोलका आहे.

पण भार एवढा वाढतो कसा? चिरंजिवांनी कागदावर बेरीज करून दाखविली : कार्ड ३२० वॅट, प्रोसेसर १२०, बाकी सारे ६०, एकूण ५००. पेटीवर तर ६०० लिहिलेले. बेरीज बरोबर होती, तरी तीत एक गोष्ट राहून गेली होती. कार्डावर लिहिलेले वॅट हे सरासरी असतात. बसगाडी चढणीला लागताना इंजिनावर जो क्षणिक ताण येतो, तो दिवसभराच्या डिझेलच्या सरासरीत दिसत नाही, तसेच हे. एनव्हिडियाची ३०८० व ३०९० ही कार्डे सप्टेंबर २०२० मध्ये आली. त्यांची नेमस्त भूक अनुक्रमे ३२० व ३५० वॅटची होती; परंतु सेकंदाच्या अल्पशा अंशापुरती ती त्याहून कितीतरी पुढे, कधी दुपटीच्या जवळपास, उसळी घेतात असे आढळून आले, आणि चांगल्या चांगल्या पेट्या माना टाकू लागल्या. ३०८० साठी कंपनीनेच ७५० वॅटच्या पेटीची शिफारस केली होती. पुढे २०२२ मध्ये पेट्यांसाठी एटीएक्स ३.० हे नवे प्रमाण आले, त्यात नव्या जोडणीच्या मोठ्या पेट्यांनी १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा अशी अट घातली गेली. आमचे कार्ड ३०८०, आणि पेटी त्या प्रमाणाच्या आधीची, पाच वर्षांची.

हा तर्क झाला. त्याला पुरावा हवा. यात माझा एकच आग्रह होता, एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि वहीत लिहावयाची. प्रथम प्रोसेसरला एकट्याला अर्धा तास पूर्ण ताण दिला, तो टिकला. मग कार्डाला एकट्याला; तेही टिकले. मग दोघांना एकदम, आणि चौथ्या मिनिटाला संगणक पुन्हा सुरू झाला. वेगवेगळे निर्दोष आणि एकत्र येताच दोषी, याचा अर्थ दोघांना पोसणाऱ्याकडे बोट जाते. मग कार्डाची वीजमर्यादा मोफत मिळणाऱ्या प्रोग्रामने ७५ टक्क्यांवर आणली. त्या रात्री खेळ तीन तास अखंड चालला. चित्रांचा वेग थोडा उतरला, एवढेच. तिसरी गोष्ट, कार्डाच्या दोन्ही जोडण्या एकाच दुतोंडी केबलवरून घेतलेल्या होत्या. पेटीपासून दोन स्वतंत्र केबली ओढल्या, तेव्हा पूर्ण मर्यादेवरही बंद पडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, पण थांबले नाही.

शेवटची परीक्षा उरली, ती मोठी पेटी लावून पाहण्याची. ८५० वॅटची पेटी ओळखीत एकाकडेच होती : देवासच्या त्या मित्राकडे. आता ते वाक्य पुन्हा ऐकावे. "माझ्याकडे तर वर्षभर नीट चालत होते." चालतच होते! तेच कार्ड, दुसरी पेटी. याहून चांगला प्रयोग कोणी मांडून दिला नसता. ती साक्ष पहिल्याच दिवशी आमच्या हाती आली होती आणि आम्ही तिला बचाव समजलो. मीदेखील ती ऐकली होती आणि आठ दिवस वही भरीत बसलो होतो.

फोन करावयास चिरंजीव धजेनात. म्हणून मीच केला. मुलगा रविवारी बसने आला, पेटी कापडी पिशवीत गुंडाळून, आपल्या सगळ्या केबलींसह. हे त्याने योग्य केले. सुट्या होणाऱ्या केबलींची तोंडे सारखी दिसली तरी आतल्या तारांचा क्रम प्रत्येक बनावटीत निराळा असू शकतो. एका पेटीची केबल दुसरीला लावल्याने डिस्का व मदरबोर्ड जळाल्याची उदाहरणे आहेत. आणखी एक ताकीद : पेटी स्वतः कधीही उघडू नये. वीज काढल्यानंतरही तिच्या कपॅसिटरांत तीनशे-साडेतीनशे व्होल्ट काही काळ दबा धरून असतात.

दोघांनी मिळून पेटी बसविली. पहिला अर्धा तास स्क्रू आणि टॉर्च यांपलीकडे कोणी बोलले नाही. मर्यादा १०० टक्क्यांवर, ताण दोघांना एकदम. चार मिनिटे गेली, दहा गेली, चाळीस गेली. मग खेळ लावला. रात्री साडेदहाला शेवटची बस गेल्याचे माझ्या लक्षात आले तेव्हा दोघे एकाच पडद्यासमोर बसून शत्रूच्या बुरुजावर चढत होते.

नवी ८५० वॅटची पेटी पुढच्या आठवड्यात नऊ हजारांना आली. जुनी ६०० वॅटची तशी निकामी नव्हती. मोठे कार्ड नसलेल्या आमच्या हिशेबाच्या संगणकात ती आता बसविली आहे आणि अजून एकदाही रुसलेली नाही.