मग आम्ही शिकायचं कुणावर?

“ही पोरगी करणार व्हय माझं ऑपरेशन? नगं बाई. मोठ्या डॉक्टरला बोलवा!”

शेजारच्या कॉटवरच्या आजी असं बोलल्या आणि कानाला पट्टी बांधलेली मी गुपचूप भिंतीकडे तोंड करून झोपले. कारण चारच दिवसांपूर्वी अगदी हेच, जरा सुधारलेल्या भाषेत, मी माझ्या लेकीला ऐकवलं होतं. आणि माझी लेक त्याच वॉर्डातल्या अशा ‘पोरीं’पैकी एक होती!

सगळं पहिल्यापासूनच सांगते.

मी कळंबची. घरी शिवणक्लास चालवते, त्याला पंचवीस वर्षं झाली. माझा उजवा कान लहानपणीच फुटला. आईबरोबर मांजरेवर धुणं धुवायला जायचं आणि पाण्यात डुंबत बसायचं, हा आमचा खेळ. सर्दी झाली की कान वाहायचा. मग आजी लसूण टाकून कोमट केलेलं तेल कानात सोडायची, वर कापसाचा बोळा. वास यायचा म्हणून शाळेत शेजारी कुणी बसायचं नाही. पुढं वाहणं कमी झालं, तसं ऐकूही कमी यायला लागलं. मला बघायला पाहुणे आले तेव्हा डावा कान त्यांच्याकडे येईल, अशा बेतानं आईनं मला बसवलं होतं. लग्नानंतर सासूबाई म्हणायच्या, “हाका मारून घसा कोरडा पडतो, पण ही काही ओ देत नाही.” त्यांना वाटायचं, सून गर्विष्ठ आहे. मी तसंच वाटू दिलं. बहिरी म्हणण्यापेक्षा गर्विष्ठ म्हटलेलं बरं, असं वाटायचं तेव्हा.

लेक एमबीबीएस झाली, पुढच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षाही पास झाली आणि तिनं कान-नाक-घसा ही शाखा घेतली. घरात शोककळाच पसरली म्हणा ना! नणंद म्हणाल्या, “बायकांची डॉक्टर झाली असती तर कळंबमध्ये दवाखाना धो-धो चालला असता.” एक पाहुणे तर म्हणाले, “कानातला मळ काढायला एवढी वर्षं शिकायचं?” खरं सांगते, मीही मनातून खट्टू झाले होते. तेव्हा लेक म्हणाली, “आई, रस्त्यानं चालताना तू कायम माझ्या उजव्या बाजूला का असतेस, हे मला चौथीतच कळलं होतं.” यावर मी काय बोलणार?

तिला जागा मिळाली ती लांबच्या एका सरकारी कॉलेजात. (“नाव लिहू नकोस,” असं तिनं बजावलंय!) आपल्या धाराशिवला सरकारी मेडिकल कॉलेज झालं ते २०२२ मध्ये. त्याआधी आपण सगळे आजारी माणूस घेऊन सोलापूर नाहीतर अंबाजोगाई, नाहीतर लातूर गाठायचो. सोलापूरचं कॉलेज १९६३चं, अंबाजोगाईचं १९७४चं आणि लातूरचं २००२चं. तिथं गेल्यावर आपल्याला तपासतात ते तरुण डॉक्टर कोण, याचा मी कधी विचारच केला नव्हता. ते ‘रेसिडेंट’, म्हणजे निवासी डॉक्टर. एमबीबीएस झालेले, डॉक्टरकीचा परवाना असलेले, पण अजून सर्जन व्हायचे असलेले. एमएसची तीन वर्षं ते रुग्णालयातच राहतात, काम करतात आणि कामातूनच शिकतात.

पहिल्या वर्षी लेकीचा फोन आला की मला आवाजावरूनच कळायचं, ही झोपलेली नाही. दिवसभर ओपीडी, वॉर्ड, ड्रेसिंग. रात्री कुणाच्या नाकात मणी गेलाय, कुणी नाणं गिळलंय, कुणाच्या नाकाचं रक्त थांबत नाही. हातात सुरी यायला वेळ लागतो. आधी नुसतं बघायचं, मग ऑपरेशनमध्ये मदतीला उभं राहायचं, मग एखादी सोपी पायरी, आणि तीही वरिष्ठ शेजारी असताना.

त्याच वर्षी एका रात्री दोन वर्षांचं लेकरू आलं. खेळता खेळता शेंगदाणा खाल्ला, ठसका लागला आणि शेंगदाणा श्वासनळीत गेला. दाणा आत ओलाव्यानं फुगतो आणि वाट बंद होत जाते. मॅडम रात्री दोन वाजता घरून आल्या. दुर्बिणीची नळी तोंडातून श्वासनळीत घालून त्यांनी दाणा काढला. माझ्या लेकीचं काम एवढंच, की मॅडम मागतील ती वस्तू त्यांच्या हातात द्यायची. पहाटे फोनवर ती रडत होती. “आई, ते रडलं गं!” एवढंच म्हणत होती. लेकरू रडलं म्हणून आनंदानं रडणारी पोरगी माझीच का, असं वाटलं मला.

काळजीच्याही रात्री गेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरच्या डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आपल्याकडच्या निवासी डॉक्टरांनी, त्यांच्या ‘मार्ड’ संघटनेनंही संप केला. आमचे हे म्हणाले, “परत ये. पुरे झालं शिक्षण.” लेक आली नाही. म्हणाली, “बाबा, रात्रीचे पेशंट कुणी बघायचे?” तेव्हापासून ती रात्रपाळीला निघाली की मला एक मिस्ड कॉल देते. तो आल्याशिवाय मी अंथरुणाला पाठ टेकत नाही.

आणि मग, ती दुसऱ्या वर्षाला असताना, माझ्या कानावर आली. “आई, पडद्याला भोक आहे. बुजवता येतं. किती दिवस अशी राहणार?”

“तुझ्या मॅडमच करतील ना?” मी विचारलं.

“मॅडम शेजारी असतील. करेल माझी सिनियर. तिसऱ्या वर्षाला आहे.”

“म्हणजे शिकाऊ? माझ्यावर नको गं बाई!”

लेक जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “प्रत्येक आई असंच म्हणाली, तर मग आम्ही शिकायचं कुणावर?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या क्लासमध्ये मुली येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी कापड देत नाही. आधी वर्तमानपत्राचा कागद कापायचा, मग जुनी साडी. गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला कात्री लावायची ती फार पुढं, आणि तेव्हाही मी मागे उभी असते. कात्री वाकडी जायला लागली की मनगट धरते. पण ब्लाऊज बिघडला तर दुसरं कापड आणून देता येतं. इथं कान माझा!

दुसऱ्या दिवशी मी लेकीला सगळं खोदून खोदून विचारलं. तेव्हा कळलं, यांचीही ‘कागद कापायची’ तऱ्हा असते. देहदान केलेल्या माणसांच्या कानशिलाच्या हाडावर, सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक ड्रिलनं तासन् तास सराव करायचा. कानाचा पडदा जेमतेम नऊ-दहा मिलिमीटरचा आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ. आतलं रिकिबीसारखं हाड शरीरातलं सगळ्यात लहान, तीन मिलिमीटरच्या आसपास. आणि तिथूनच चेहऱ्याची नस जाते. तिला धक्का लागला तर तोंड वाकडं होतं, डोळा मिटत नाही. म्हणून आधी हाडावर शिकायचं. आपल्याकडं देहदानाचं नाव काढलं की माणसं अंगावर येतात. पण माझ्या कानात हात घालणारी पोरगी कुणाच्या तरी दानावर शिकली होती.

मी सही केली. सही करण्याआधी विचारलंही, की ऑपरेशन कोण करणार, शेजारी कोण असणार, धोका काय. मैत्रिणींनो, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. त्यात कुणाचा अपमान नाही.

भूल फक्त कानापुरती होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. लेकीला आत घेतलं नव्हतं. घरच्या माणसाच्या ऑपरेशनला हात कापतो म्हणे. ती बाकीच्या नातेवाइकांसारखी बाहेर बसली होती. आत मॅडमचा आवाज हळू, पण खणखणीत. “थांब. आधी नीट बघ. आता हात हलव.” कानामागे छेद घेऊन, वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचं ठिगळ पडद्याखाली लावतात. त्याला टाका नाही! विरघळणाऱ्या स्पंजाच्या आधारानं ते जागेवर राहतं. मी जन्मभर ठिगळं लावली, पण बिनटाक्याचं ठिगळ ऐकलं नव्हतं.

मध्येच ती पोरगी म्हणाली, “मॅडम, इथं मला नीट दिसत नाहीये. तुम्ही बघता का?” माझ्या पोटात गोळा आला. खुर्ची सरकल्याचा आवाज, जागांची अदलाबदल, थोडा वेळ शांतता. मग मॅडम म्हणाल्या, “बरोबर थांबलीस. आता तू घे.”

नंतर मी लेकीला विचारलं, तिला जमत नव्हतं का गं? लेक म्हणाली, “आई, हात चालवायला सगळेच शिकतात. कुठं थांबायचं, हे शिकायला तीन वर्षं लागतात. तुझ्या कानाला तीच पोरगी हवी होती.”

तर अशी मी पट्टी बांधून पडलेली आणि शेजारच्या भूमकडच्या आजी त्याच पोरीला हाकलत होत्या. शेवटी मी उठून बसले. म्हटलं, “आजी, माझं हिनंच केलंय. तुम्हाला काय विचारायचं ते तिलाच विचारा की.”

आजींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तू एकटीच असशील का गं आत?”

“नाही आजी. मॅडम असतील माझ्याजवळ.”

“अन् नाही जमलं तर?”

“तर थांबेन आणि मॅडमना सांगेन.”

“मग कर,” आजी म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.

आता लेक तिसऱ्या वर्षाला आहे. मधले तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढून आली. निवासी डॉक्टरांना आता तसा नियमच आहे. तिथं रोज वाहत्या कानाची लेकरं यायची. प्रत्येकाच्या आईला ती तेच सांगायची: कानात तेल सोडू नका, हेअरपिन घालू नका, वाहता कान कोरडा ठेवा आणि लवकर दाखवा. चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे देऊ नका. परीक्षा झाली की एक वर्ष सरकारी सेवेचं बंधन आहे. त्यात आपल्या भागात यायचं म्हणते. बघू.

माझ्या ठिगळानं धरलं. तीन महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा कागदावरची रेघ वर सरकली होती. पूर्ण ऐकू येत नाही, येणारही नाही. उशीर फार झाला होता, ती चूक कुणा डॉक्टरची नव्हे.

पण परवा मी मशीनवर बसले होते. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली. स्वयंपाकघर माझ्या उजव्या हाताला आहे. मी म्हटलं, “ओ, आले!”

सासूबाई उलथनं हातात घेऊन दारात आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, “अगं, म्हणजे तुला इतकी वर्षं...” आणि पुढं काही बोलल्या नाहीत.