रायफलचं पिलर बेडिंग: ‘फरक पडला’ असं कधी म्हणायचं?



पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न फिरून फिरून येतो: “तुम्ही केलेल्या बदलामुळेच फरक पडला, हे कशावरून?” आज त्याचं उत्तर जरा अनोळखी ठिकाणी शोधू. अमेरिकेत शिकारी रायफल बाळगणारी बरीच हौशी मंडळी घरच्या गॅरेजमध्ये ‘पिलर बेडिंग’ नावाचं काम करतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हे काम शिकून तुम्हाला ते करायचं नाहीये. त्यामागचा विचार मात्र उचलण्यासारखा आहे.

अडचण काय आहे?

रायफलची नळी आणि ॲक्शन, म्हणजे गोळी भरण्याची यंत्रणा, लाकडी दस्त्यात बसवलेली असते आणि सहसा दोन स्क्रूंनी आवळलेली असते. आता लाकूड हवेतली ओल शोषतं आणि सोडतं. अमेरिकन काळा अक्रोड ओल्या अवस्थेतून पूर्ण कोरडा झाला, तर वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ७.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेने ५.५ टक्के आकसतो. लांबीत मात्र जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के.

वापरातल्या लाकडात एवढा बदल होत नाही. पण दस्त्यातली ओल फक्त ४ टक्क्यांनी कमी झाली असं धरा. स्क्रूखालचं लाकूड २५ मिमी जाड असेल, तर ते साधारण पाव मिलिमीटर आकसेल. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण रेमिंग्टन ७०० च्या स्क्रूला इंचाला २८ आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात ०.९ मिमी. पाव मिलिमीटर म्हणजे कुणीतरी स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त सैल केल्यासारखंच! शिवाय स्क्रू आवळला की त्याखालचं लाकूड हळूहळू दबतं, ते वेगळंच.

उपाय कसा चालतो?

प्रत्येक स्क्रूभोवती ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची जाड नळी बसवतात. हाच पिलर. त्याचं वरचं टोक ॲक्शनला आणि खालचं टोक खालच्या धातूच्या पट्टीला टेकतं. आता स्क्रू आवळला की धातूवर धातू दबतो, मधल्या लाकडावर भार येत नाही. मग ॲक्शनखालचं थोडं लाकूड कोरून तिथे इपॉक्सी भरतात. ते ॲक्शनच्या आकाराचा हुबेहूब साचा बनतं.

कामाचा क्रम बघा. आधी बोल्ट काढायचा आणि नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी खात्री करायची. गोळीचा मागचा धक्का पेलणाऱ्या धातूच्या खुंटीला, म्हणजे रिकॉइल लगला, पुढून, बाजूंनी आणि खालून टेप लावायची. मागची बाजू उघडी ठेवायची, कारण धक्का फक्त तिनेच पेलायचा असतो. भोकं आणि खाचा मातीसारख्या क्लेने बुजवायच्या. धातूच्या प्रत्येक पृष्ठभागावर, स्क्रूच्या आट्यांवरसुद्धा, मेण किंवा बुटाचं पॉलिश लावायचं. एक खाच जरी विसरली, तरी इपॉक्सी तिथे अडकतं आणि रायफल दस्त्यातून निघतच नाही.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. इपॉक्सी वाळत असताना स्क्रू घट्ट आवळायचे नाहीत, ॲक्शन जागेवर बसेल इतकेच फिरवायचे. आवळले तर ॲक्शन किंचित वाकते आणि तो वाकलेला आकारच साच्यात कायमचा उतरतो. तुमच्या प्रयोगशाळेतलं उपकरण चुकीच्या स्थितीत कॅलिब्रेट केलं, तर नेमकं हेच होतं: चूक पुढच्या प्रत्येक मापात शिरते, आणि प्रत्येक माप एकमेकांशी छान जुळतं.

तपासायचं काय?

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला: ताण गेला का? त्यासाठी गोळी झाडावी लागत नाही. नळीवर डायल इंडिकेटर बसवून त्याचं टोक दस्त्याला टेकवतात आणि पुढचा स्क्रू सैल करतात. काटा ०.०५ मिमीपेक्षा कमी हलला, तर काम नीट झालं असं कारागीर साधारणपणे मानतात.

दुसरा: नेम सुधारला का? बहुतेक जण इथे घसरतात. बेडिंगआधी तीन गोळ्यांचा गट ३८ मिमीचा होता, नंतर २५ मिमीचा आला. “बघा, फरक पडला!” पण थांबा. गोळ्यांचा विखुरलेपणा नॉर्मल वितरणासारखा धरला, तर काहीही न बदलता तीन गोळ्यांच्या गटाचा आकार त्याच्या सरासरीच्या सुमारे ३७ टक्के इतक्या प्रमाण विचलनाने वरखाली होतो. म्हणजे एकच रायफल एकाच दुपारी ३८ आणि २५ दोन्ही सहज देईल. पाच गोळ्यांच्या गटात हा आकडा २७ टक्क्यांवर येतो. पाच-पाच गोळ्यांचे पाच गट आधी आणि पाच नंतर झाडले, एकूण ५० गोळ्या, तरी दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे १७ टक्के राहते. २० टक्क्यांची खरी सुधारणासुद्धा त्यात हरवू शकते.

त्यात आणखी एक मेख आहे. लोक बेडिंग करतात कधी? गट वाईट आल्यावर. वाईटानंतरचा गट काहीही न करता बरा येण्याचीच शक्यता जास्त असते. वर त्याच दिवशी नळीही साफ केलेली असते.

मूळ दावा विसरू नका

आता नीट आठवा, पिलरचा दावा काय होता? ऋतू बदलला तरी नेमाची जागा सरकणार नाही, हा. मग त्याच दुपारी गटाचा आकार मोजून काय कळणार? मोजायला हवं गटाचं केंद्र, आणि तेही कोरड्या आणि दमट अशा दोन्ही काळांत. शिकाऱ्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. केंद्र एका कोनमिनिटाने सरकलं, तर १०० मीटरवर २९ मिमीचा आणि ३०० मीटरवर ८७ मिमीचा फरक पडतो. हरणाचा हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम २० ते २५ सेंमीचा असतो. त्यात वारा आणि हाताचा कंप मिळवला, तर जनावर जखमी होऊन जंगलात पळतं आणि कुठेतरी हाल होऊन मरतं.

तुमच्या संशोधनात जनावर नसेल, पण तुमच्या निष्कर्षावर पुढे कुणीतरी औषधाचा डोस ठरवेल किंवा पूल बांधेल. म्हणून प्रस्ताव लिहिताना वहीत तीन ओळी आधीच लिहून ठेवा: माझा नेमका दावा काय, त्यामागची यंत्रणा चालली हे मी स्वतंत्रपणे कसं तपासणार, आणि काहीही न बदलता माझं माप किती वरखाली होतं. तिसऱ्या ओळीत आकडा लिहिता येत नसेल, तर मुख्य प्रयोग थांबवा आणि पहिला आठवडा तो आकडा काढण्यात घालवा.